लिनक्स मिंट टाकल्यापासून लॅपटॉपमध्ये वायफायच दिसत नाही, कार्ड खराब झालंय का?

कार्ड खराब असेल असं मला वाटत नाही. विंडोजवर गेल्या आठवड्यापर्यंत वायफाय चालत होतं असं तुम्हीच लिहिलंय, मग मिंट टाकल्या टाकल्या कार्ड कशाला मरेल. आणि तुम्ही म्हणता की नेटवर्कच्या आयकॉनवर क्लिक केलं तर फक्त 'वायर्ड' दिसतं, वायफायची ओळच नाही. नेमक्या याच लक्षणात मी एक अख्खा रविवार घालवलाय, जुना लॅपटॉप भाच्याला कॉलेजसाठी तयार करून द्यायचा होता आणि मी दिसेल ती कमांड कॉपी-पेस्ट करत सुटलो, शेवटी तीन वेळा मिंट पुन्हा टाकलं. काही गरज नव्हती त्याची.

आधी नेट मिळवा, कारण नेटशिवाय ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरणार नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा (केबल डेटावाली हवी, काही नुसत्या चार्जिंगच्याच असतात) आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला ते वायर्ड कनेक्शन वाटतं आणि लगेच नेट चालू होतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट केबलमधून येतं, मोबाइल डेटा जळत नाही.

आता टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही लहान इंग्रजी अक्षरांत टाका. पहिली 'आरएफकिल लिस्ट'. वायरलेस लॅनच्या खाली 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे यस असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय', झालं काम. 'हार्ड ब्लॉक्ड' यस असेल तर लॅपटॉपच्या कडेला बारकं बटण किंवा वरच्या ओळीत विमानाची की असेल ती बघा, त्याला कमांडने काही होत नाही. आणि यादीत नुसतं ब्लूटूथच असेल, तर लिनक्सने वायफाय कार्ड अजून हातातच घेतलेलं नाही, म्हणजे प्रश्न ड्रायव्हरचा. तुमचं हेच असणार असा माझा अंदाज.

मग 'एलएसपीसीआय', स्पेस, हायफन, 'एनएनके'. भरपूर ओळी येतील, त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. तिथे चिपचं नाव मिळतं आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. इंटेलची चिप असेल तर तिथे आयडब्ल्यूएल-वायफाय लिहिलेलं असतं आणि सहसा न सांगता चालतं. माझ्याकडे निघाली ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२, जुन्या बजेट लॅपटॉपमध्ये ही खूप सापडते, कंसात १४ई४ ने सुरू होणारा आकडा दिसला की ब्रॉडकॉम समजा. हिच्या ड्रायव्हरच्या ओळीत बीसीएमए-पीसीआय-ब्रिज असं काहीतरी दिसतं, त्याला भुलू नका, त्याने वायफाय चालत नाही. हिला डब्ल्यूएल नावाचा ड्रायव्हर लागतो आणि तो ओपन सोर्स नसल्यामुळे कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) येत नाही.

तो टाकायला मिंटच्या मेनूत 'ड्रायव्हर मॅनेजर' आहे. उघडा, ब्रॉडकॉमपुढचा पर्याय निवडा, अप्लाय करा. आता इथे नीट लक्ष द्या, माझा रविवार इथेच गेला. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट (सही मान्य नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर मधेच एक पासवर्ड ठरवायला सांगतात, तो साधा आकड्यांचा ठेवा आणि कागदावर लिहा. रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो. मला विंडोजची सवय, निळं दिसलं म्हणजे मेलं काहीतरी, म्हणून मी घाईघाईत पॉवर बटण दाबून बंदच केला! खरं तर तो स्क्रीन फक्त विचारत असतो की या नव्या ड्रायव्हरची सही मान्य आहे का. दहा सेकंदांत कुठलीही की दाबायची, मग 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'यस', तो पासवर्ड आणि रीबूट. हे हुकलं तर ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला दिसतो पण चालत नाही, 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल' केलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं तोंडावर फेकतं. तसं झालं तर 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी', स्पेस, दोन हायफन, 'एनरोल-की' चालवा, म्हणजे रीस्टार्टला निळा स्क्रीन परत येईल. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हाही मार्ग आहे, पण शेजारी विंडोज ठेवलं असेल आणि त्यात बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर तो रिकव्हरी की मागत बसेल, ती आधी हाताशी ठेवा.

वायफाय दिसायला लागल्यावर राउटरचं '५जी' वालं नाव दिसलं नाही तर घाबरू नका, ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडते, तिथे सेटिंगचं काही चालत नाही. पासवर्ड बरोबर असूनही कनेक्ट होत नसेल तर सेव्ह झालेलं कनेक्शन डिलीट करून नव्याने टाका, टर्मिनलमध्ये 'एनएमटीयूआय' लिहिलं की बाणांनी फिरायचा साधा मेनू येतो, मला तोच बरा वाटतो.

पुढे कधी कर्नल अपडेटनंतर वायफाय गायब झालं तर चालू करताना ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या) 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडा, कारण हा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी परत बनवला जातो आणि कधीकधी तिथे अडकतो. भाच्याचं एकदा ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री झालं होतं, फोनवरून सांगितलं तेवढ्यावर चालू झालं.

यूएसबीला लावायचं वायफाय डोंगल मात्र लगेच विकत घेऊ नका, त्यातल्याही बऱ्याच चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. आधी ती नेटवर्क कंट्रोलरची ओळ इथे कमेंटमध्ये टाका, चिप दुसरीच निघाली तर वर लिहिलेल्यातलं अर्धं तुम्हाला लागणारच नाही.