मदत फाईल उघडते, यादी दिसते, पण पानं कोरी का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिनिंगच्या वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरची सीएचएम (विंडोजमधली जुन्या पद्धतीची) मदत फाईल मेलवरून घेतली. डावीकडे विषयांची यादी नीट दिसते, पण कशावरही क्लिक केलं तरी उजवीकडे ‘नेव्हिगेशन टू द वेबपेज वॉज कॅन्सल्ड’ एवढंच येतं. तीनदा डाउनलोड करून झालं. फाईल खराब आहे का?

नाही, फाईल चांगली आहे. चौथ्यांदा उतरवली तरी हेच होणार.

मी चोपडा-धरणगाव पट्ट्यात जिनिंग आणि काट्यांवरचे कॉम्प्युटर बघतो. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला, गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे राहिले, की नेमका तेव्हाच माझा फोन वाजतो. मागच्या हंगामात काट्यावरच्या एका पोराने सांगितलं, “भो, पुस्तक शे, पन पानं कोरी शेतस.” तुमच्याकडेही दिसतंय तेच.

होतं असं की ब्राउझरने किंवा मेलने फाईल उतरवली की विंडोज तिच्यावर एक छुपी खूण मारतं: ही बाहेरून आलीय. सीएचएम ही दिसायला पुस्तक असली तरी आत वेबपानं असतात, त्यात स्क्रिप्ट असू शकते, आणि ती स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर दुसरा प्रोग्रामही चालवू शकते. अशा फाईली मेलने पाठवून लोकांचे कॉम्प्युटर बिघडवण्याचे प्रकार झाले, म्हणून खूण असलेल्या फाईलची यादी दाखवायची पण पानं दाखवायची नाहीत, असा बंदोबस्त आहे. संदेश मात्र असा येतो की माणसाला वाटावं नेटच बंद पडलं!

त्यामुळे आधी फाईल खरंच सॉफ्टवेअरवाल्याकडूनच आलीय का ते बघा. कुणीतरी ग्रुपवर फिरवलेली असेल तर उघडूच नका, सरळ सॉफ्टवेअरवाल्याकडून मागवा.

खात्री पटली की फाईलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅब. अगदी तळाशी ‘सिक्युरिटी’ लिहिलेलं दिसेल, ही फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली असं वाक्य, आणि शेजारी ‘अनब्लॉक’ असा छोटा चौकोन. त्यावर टिक, अप्लाय, ओके. मदतीची उघडी खिडकी बंद करून फाईल नव्याने उघडा. फाईल प्रोग्राम फाईल्समध्ये पडलेली असेल तर टिक करूनही खूण जात नाही, कारण तिथे लिहायला अॅडमिनचे हक्क लागतात. डेस्कटॉपवर कॉपी घ्या, तिथे अनब्लॉक करा, मग परत जागेवर ठेवा.

झिप आली असेल तर सोडवण्याआधी झिपलाच अनब्लॉक करा. नाहीतर विंडोज सोडवताना तीच खूण आतल्या प्रत्येक फाईलला लावतं, आणि मग एकेक करत बसा. बऱ्याच फाईलींवरची खूण एकदम काढायला पॉवरशेलमध्ये (विंडोजला आज्ञा टाईप करून द्यायची खिडकी) ‘अनब्लॉक-फाईल’ नावाची आज्ञा आहे, पण एका मदत फाईलसाठी तिची गरज नाही.

“शेजारच्या जिनिंगमध्ये हीच फाईल चालते, मग आमच्याकडेच का नाही?” असंही तुम्ही लिहिलंय. त्यांनी बहुतेक पेनड्राइव्हवरून घेतली असेल. ही खूण फाईलच्या आत नसते, विंडोजच्या नेहमीच्या, म्हणजे एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर फाईलला चिकटून बसलेल्या वेगळ्या कप्प्यात असते. साधा पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या दुसऱ्या पद्धतीचा असतो, त्याला हा कप्पा ठेवताच येत नाही, म्हणून खूण वाटेतच गळते. फाईल तीच, पण अंगावरची चिठ्ठी गेली. यात पेनड्राइव्हची फाईल जास्त सुरक्षित झाली असं अजिबात नाही, उलट विचारणारा कुणी उरला नाही.

आता दुसरा प्रकार, जो मला तुमच्या प्रकारापेक्षा जास्त वेळा भेटतो. फाईल काटाखोलीच्या मशीनवर आणि ऑफिसातला माणूस ती शेअर केलेल्या फोल्डरमधून उघडतो. इथे अनब्लॉकचा चौकोन दिसतही नाही, तरी पानं कोरी. जून २००५ च्या एका सुरक्षा अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने नेटवर्कवरची सीएचएम पानं बंदच केली आहेत. यावर रजिस्ट्रीतला (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीतला) एक आकडा वाढवायचा उपाय लोक सुचवतात. मी तो करत नाही, कारण त्या एका फाईलसाठी सगळ्याच बाहेरच्या मदत फाईलींना दार उघडं होतं. फाईल ऑफिसच्या मशीनवर कॉपी करा, एवढं पुरतं.

जुन्या काट्यांसोबत कधीकधी एचएलपी ही सीएचएमच्याही आधीची मदत फाईल येते. ती वेगळी जात. विंडोज १० मध्ये ती वाचणारा प्रोग्रामच नाही, तिथे अनब्लॉक करून काही उपयोग नाही, सॉफ्टवेअरवाल्याकडे पीडीएफ मागा.

आणि हे सगळं करूनही कोरंच राहिलं तर फोल्डरचं नाव वाचा. वर सांगितलेल्या त्या पोराकडे मी अर्धा तास घालवला, चौकोन नाही, नेटवर्क नाही, फाईल त्याच मशीनवर. फोल्डर होतं ‘काटा #२’. पत्त्यात # आलं की सीएचएम गोंधळते, त्यापुढचं तिला पानाच्या आतल्या जागेचं नाव वाटतं. ‘काटा नंबर २’ असं नाव केलं आणि पानं आली.