मपेट्सच्या जुन्या फिगर घेताना

मपेट्स, म्हणजे जिम हेन्सनच्या टीव्हीवरच्या बाहुल्यांची पात्रं, जमवायचेच तर पॅलिसेड्स या खेळणी कंपनीच्या फिगरपासून (सांधे हलणाऱ्या छोट्या मूर्तींपासून) सुरुवात कर. 2002 साली ती मालिका आली, 2006 मध्ये कंपनीच बंद पडली. म्हणजे सगळा माल वीसेक वर्षांचा. सीलबंद पॅक बघून हुरळून जाऊ नकोस. आत सांधे रंगाने चिकटलेले असू शकतात, आणि पहिल्याच झटक्यात मनगटाची खुंटी तुटून हातात येते. आधी हेअर ड्रायरची मध्यम ऊब दे, मग हलक्या हाताने थोडं थोडं फिरव. कर्मिट बेडकाच्या काटकुळ्या हातापायांना तर जास्तच जप. मऊ प्लास्टिक चिकट झालं असेल तर कोमट साबणपाणी पुरे. थिनर अजिबात नको, रंग निघतो. पॅकमधून काढलेल्या सुट्या फिगरचे सांधे जवळून दिसतील असे फोटो विक्रेत्याकडे बिनधास्त माग. तो टाळाटाळ करायला लागला, की मी तरी पैसे पाठवत नाही.