विषय बदलून मुलगी बदलत नाही

आपल्या लांबलचक पत्रात मुलीच्या शिक्षणाबद्दल एकच ओळ आहे: पर्यावरणशास्त्रात बीएस्सी, प्रथम श्रेणी. बाकी सगळं पत्र तिला गप्प कसं बसवावं याबद्दल. ती समलिंगी आहे, हे तिने घरी सांगितलं. ख्रिस्ती श्रद्धा, क्वीअर (समलिंगी, पारलिंगी वगैरे) माणसं आणि हवामानसंकट यांचा ईशज्ञानात, म्हणजे देव आणि श्रद्धेच्या अभ्यासशाखेत, एकत्र अभ्यास करायचा आहे, हेही सांगितलं. यावर आपण मला विचारता, ‘हे खूळ जाईल असा कोर्स सुचवा, विषय बदलला तरच फी भरीन.’

असा कोर्स नाही, आणि असता तरी मी सुचवला नसता. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली. फीची अट घालून आपण तिला एवढंच शिकवाल, की या घरात खरं बोलणं महागात पडतं. पुढच्या वेळी ती काही सांगणारच नाही. तिच्या करिअरपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

‘निसर्गाविरुद्ध जगणाऱ्यांनी निसर्ग वाचवायच्या गोष्टी करू नयेत,’ असं आपण लिहिलंत. तिच्या विषयाचा गाभा नेमका इथेच आहे. सृष्टी ही ठरलेली उतरंड आणि माणूस तिचा धनी, हे एकदा मानलं की जंगलं, नद्या ओरबाडायला मोकळ्या. आणि त्या उतरंडीत न बसणारी माणसं ‘अनैसर्गिक’. यातल्या पहिल्या भागावर इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये बोट ठेवलं. डॅनियल स्पेन्सर यांच्या १९९६ च्या ‘गे अँड गाया’ या पुस्तकात दोन्ही प्रश्न एकत्र येतात. आपण चर्चच्या मंडळीत वडील (एल्डर) आहात. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं ‘सत्तेखाली आणा’ आपल्याला पाठ असेल. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलं आहे, तेही तिच्यासोबत वाचा.

बीडी ही ईशज्ञानाची पदवी आणि नंतर एमटीएच, किंवा धर्मअभ्यासातलं एमए, आणि मग पीएचडी, ही तिच्यासाठी नेहमीची वाट आहे.

यातून नोकरी मिळेल का, ही आपली शंका मात्र रास्त आहे, आणि हे तिनेही वाचावं. अध्यापनाच्या जागा थोड्या आहेत. अनेक चर्च उघडपणे क्वीअर असलेल्यांना पाळकपदाची दीक्षा देत नाहीत. पाळक घडवणाऱ्या बऱ्याच सेमिनरी मंडळीचं शिफारसपत्र मागतात, म्हणून तिने विद्यापीठाचा विभाग निवडावा. बायबलच्या मूळ भाषा, हिब्रू, ग्रीक, टाळू नये. पर्यावरणशास्त्र तर मुळीच सोडू नये. पूर, दुष्काळात काम करणाऱ्या चर्चच्या मदतसंस्थांत ते उपयोगी पडेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिच्या पाठीमागे तिचा विषय मी ठरवणार नाही.