उजवा शंख

मालवण, श्रावण

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

लिनोची लादी कोरून काढलेला तुझा माडाचा छाप मिळाला. पाकिटातून काढताना बोटं काळी झाली, म्हणजे तू तो ओलाच पाठवलास. इकडच्या पावसाळी हवेत तेलशाई वाळता वाळत नाही. एका श्रावणात मी वीस छाप एकावर एक रचून ठेवले आणि सुटे करताना कागदाचे पापुद्रे निघाले. घरात दोरी बांध, चिमट्याला एकेक टांग आणि आठवडाभर तिकडे फिरकू नकोस.

आता माड. एकेक पात तू कोरली आहेस. मेहनत दिसते, माड दिसत नाही. कोरलं ते पांढरं, राहिलं ते काळं, हे तुला पाठ आहे. पण हातात पटाशी असून तुझं डोकं अजून पेन्सिलीचंच आहे. बारीक काळी रेघ हवी तर तिच्या दोन्ही अंगांचं खरवडत बसावं लागतं, आणि तू तेच केलंस. व्ही पटाशीचा एक ओढा मात्र थेट उजेड होऊन उमटतो. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेवर केलेलं गांधीजींचं लिनोकट बघ: काळ्या पाटीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, बस. तेवढं लांब जायचं नसेल तर रत्नागिरीजवळच्या उक्षीचं कातळशिल्प बघून ये. जांभ्यात खोदलेल्या रेषेनेच तिथे हत्ती उभा केलाय. त्यावर शाईचा रोलर फिरवला तर तो पांढऱ्या रेषेत छापून येईल. (फिरवू नकोस, बाई!)

तेव्हा संध्याकाळी माडाखाली उभी राहा आणि पाती सोडून त्यांच्यामधल्या आभाळाच्या फटी काढ. फोटोवरून नको. फोटोत सगळंच येतं, मग काय सोडावं ते कळत नाही.

चित्र उलटं उमटतं, हे मी एका शंखापायी शिकलो. वाळूत सापडलेला साधा शंख समोर ठेवून दिसला तसा कोरला. छाप बघून शेजारच्या आजींनी हात जोडले. नेहमीचा शंख वामावर्ती, म्हणजे डावा. माझा उलटून दक्षिणावर्ती, म्हणजे उजवा झाला होता, जो मिळायला नशीब लागतं. आजींना खरं सांगायचं धाडस झालं नाही. तू मात्र ट्रेसिंग कागद पालथा घालूनच चित्र उतरवत जा. शंखाचं निभावलं, होडीचा नंबर उलटा आला तर सगळी जेटी हसेल.

लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला ताग. कडक वाटली तर दहा मिनिटं उन्हात ठेव. पटाशी धरलेल्या हातासमोर दुसरा हात कधीही आणू नकोस. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण तू पाहिलीच आहेस. शाई रोलरखाली चरचर वाजली पाहिजे. पचपच वाजली तर जास्त झाली, बारीक रेघा बुजणार. प्रेस नाही म्हणून रडू नकोस. करवंटीच्या डावाची गुळगुळीत पाठ कागदावर गोल गोल घास, मधूनच एक कोपरा उचलून बघ.

लाकडाची घाई नको. पांगारा हलका म्हणून सावंतवाडीच्या खेळण्यांना चालतो, पण इतका मऊ की बारीक रेघ टिकत नाही. शिसवी रेघ धरते, हात मोडते. लाकडाला हात घालशील तेव्हा आधी एखाद्या जुन्या फळीला तारेचा ब्रश मार आणि न कोरताच छाप घे. फळीच्या रेषा उमटतील, अगदी ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या. त्यावर एक खेकडा कोरलास की झालं.

पुढच्या वेळी चांगला छाप पाठवू नकोस. पहिला, फसलेला, डाग पडलेला पाठव. त्यावर मला बोलता येतं.

तुझा,
काका

ता. क. खारी हवा आहे. काम झालं की पटाश्यांना खोबरेल पुसून ठेव.