एकट्यानं बाइकवर लांब फिरताना एक दिवस नेमका कसा जातो? माझं उत्तर : चाळीसगाव ते शहादा

तुम्ही विचारलंय की आठ-दहा दिवस एकटे बाइकवर फिरणारे लोक दिवसभर करतात तरी काय, कंटाळा येत नाही का, भीती वाटत नाही का. मी एकच दिवस सांगतो, फार काही न घडलेला, कारण बहुतेक दिवस तसेच असतात.

आधी गाडी सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. स्प्लेंडर. ९७ सीसी, ट्यूबवाले टायर, मागं एक सॅक बंजीनं बांधलेली. मी मूळचा धुळ्याचा, नोकरी पिंपरीला, बुलेट घ्यायचे पैसेही नाहीत आणि ती ढकलायची ताकदही नाही (हे पुढं कामाला आलं). नऊ दिवसांची ट्रिप होती आणि हा पाचवा दिवस, फेब्रुवारीचा शेवट. प्लॅन असा की चाळीसगावहून निघायचं आणि संध्याकाळपर्यंत तोरणमाळ, म्हणजे सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण, गाठायचं.

सव्वासहाला निघालो. खान्देशात फेब्रुवारीची सकाळ फसवी असते, हातमोज्यात बोटं आखडतात आणि अकरा वाजता त्याच जॅकेटात माणूस उकडून निघतो. भडगावला गिरणेच्या पुलाजवळ पहिला चहा घेतला, तिथं अहिराणीत नेहमीचा प्रश्न आला, "कथाना शेतस भाऊ?" (कुठले आहात?) म्हणलं धुयाना, धुळ्याचा. मग पुढचा प्रश्न, एकलाच का? हो. मग एक सेकंद शांतता आणि मग, "घरना लोके काही बोलतस नही का?" हा संवाद दिवसातून चार-पाच वेळा होतो, तेव्हा एकटं वाटायला वेळ कुठं मिळतो ते तुम्हीच सांगा.

कंटाळ्याचं म्हणाल तर हेल्मेटच्या आत डोकं आपलं आपलं चालूच असतं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात झालेल्या भांडणात मी नेमकं काय बोलायला पाहिजे होतं ते मला एरंडोलच्या अलीकडं सुचलं, इतकं चपखल की मी मोठ्यानं बोलून दाखवलं आणि शेजारून जाणाऱ्या दूधवाल्यानं वळून बघितलं. एरंडोलला पद्मालय दहाएक किलोमीटरवर, एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती आणि समोर कमळाचं तळं, पण उशीर नको म्हणून वळलो नाही. धरणगावही सरळ मागं टाकलं. बालकवींचं जन्मगाव, शाळेत इतक्या कविता पाठ केल्या आणि तिथं मी फक्त पेट्रोल भरलं, असं होतं.

तापी ओलांडली की जमीन बदलते, काळी सपाट आणि मग केळी सुरू. चोपड्यात दोन पिकलेली केळी हवी होती खायला, मिळाली नाहीत पटकन. सगळा माल हिरवा कापून ट्रकमध्ये भरून दिल्लीकडं जातो, रस्त्यानं जिकडं बघाल तिकडं केळी आणि खायला एक नाही. शेवटी ताक आणि पोहे. एक सल्ला, दुपारी शेवभाजी खाऊ नका, कितीही वास येऊ दे. ती तर्री पोटात गेली की तासाभरात हँडलवरच डोळे मिटायला लागतात आणि मागं बसून हाक मारणारं कुणी नसतं.

बाराला चोपड्याहून निघालो. हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, उजव्या हाताला सातपुडा, डाव्या हाताला लांब कुठंतरी तापी, आणि मधी खड्डे. "फुढे खड्डाज खड्डा शेतस," असं चहावाल्यानं आधीच सांगितलं होतं. हातेड गेल्यावर ऊन इतकं लागलं की सावली दिसली तिथं थांबलो, पाणी प्यायलो, जॅकेट काढून सॅकला बांधलं, दहा मिनिटं बसलो. सावली बाभळीची होती. आता हे वाचून जे हसले ते खान्देशातले.

दीड-दोन किलोमीटरवर गाडी मागून डुलायला लागली. उतरून बघितलं, मागचं चाक बसलेलं. अशा वेळी गाडीवर बसून तशीच रेटू नका, हवा नसली की टायरबरोबर ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्हपाशी फाटते, मग पंक्चर नाही, नवी ट्यूब. इंजिन चालू ठेवायचं, पहिला गिअर, क्लच हळू सोडायचा आणि शेजारून चालायचं. सॅक पाठीवर घेतली आणि असा मी गलंगीच्या दिशेनं पाऊण तास चाललो, टळटळीत उन्हात. दिवसातला एकटेपणा म्हणतात तो इथं आला. भीती नाही वाटली, राग आला, आणि तो काढायचा कुणावर? दोघं असतो तर "तूच म्हणलास इथं थांबू" असं भांडण तरी झालं असतं. बाभूळ मीच निवडलेली.

तिथं पत्र्याच्या शेडमधे पंक्चर काढणारे एक काका होते, साठीचे. त्यांनी चाक काढलं, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे आले तिथं खडूनं खूण केली. मी म्हणलं झालं, मिळालं. ते काहीच बोलले नाहीत. मग खिशातून कापसाचा बोळा काढला, साधा, सरकी काढलेला, आणि तो टायरच्या आतून गोल फिरवायला लागले. हात दाबून नाही, अलगद. एका जागी बोळ्याचे तंतू अडकले, तिथं काटा, पक्कडीनं ओढला. परत पहिल्यापासून फिरवला, दुसऱ्या बाजूला परत अडकला. "दोन काटा शेतस," आणि मग माझ्याकडं न बघता, "बाभूयखाले गाडी लाई व्हती का?" मी हो म्हणलं. उघड्या हातानं टायर चाचपला तर बोट फाटतं आणि बारका काटा तरी सापडत नाही, कापूस बरोबर पकडतो. मी वीस वर्षं गाडी चालवतोय आणि कापसाच्याच मुलखात वाढलोय, ही गोष्ट मला माहीत नव्हती. दोन पॅच, शंभर रुपये, आणि पाण्याच्या बाटलीत त्यांच्या माठातलं पाणी.

तिथून निघायला पावणेतीन. अनेर नदी ओलांडली की धुळे जिल्हा लागतो, म्हणजे तसं घरच, आणि शिरपूरच्या अलीकडं एका गावात रस्ताच बंद. अपघात असेल वाटलं, पण ढोल ऐकू आला. होळीला आठवडा राहिला होता, भोंगऱ्या बाजार, म्हणजे होळीच्या आधी भरणारा आदिवासींचा सणाचा बाजार. पाड्यापाड्यावरून जीपा भरून पावरा आदिवासी लोक उतरलेले, टपावर पण माणसं, बायकांच्या एकेका घोळक्याचे कपडे एकाच रंगाचे आणि अंगावर चांदी, पोरांनी गॉगल लावलेले, आणि ढोल इतका मोठा की वाजवणाऱ्याचं फक्त डोकं दिसत होतं. पाऊण तास गाडी बाजूला लावून बघत बसलो (नीट बघून, निंबाखाली). फोटो दोनच काढले, बाकी लोक सणाला आलेत, आपल्या कॅमेऱ्याला नाही. ज्या सणासाठी आपण कधी मुद्दाम आलो नसतो तो असा अडवून दाखवला जातो, आणि सोबत कुणी असता तर नक्की म्हणला असता, चल ना यार उशीर होतोय.

उशीर मात्र झालाच. शिरपूर सोडलं तेव्हा साडेचार वाजून गेलेले. शिरपूर ते शहादा रस्ता पश्चिमेला, म्हणजे सूर्य थेट डोळ्यात, आणि माझ्या हेल्मेटच्या काचेवर इतके ओरखडे की समोर सगळं सोनेरी धुकं. त्यात उसाचा हंगाम, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबलेला आणि मागं ना लाल दिवा ना रेडियम. अंधार पडल्यावर ही ट्रॉली दिसते ती दहा फुटांवरून. ज्याला भीती म्हणता येईल ती मला ह्या एका गोष्टीची वाटते, चोर-लुटारू वगैरे मला तरी आजवर भेटले नाहीत.

शहाद्याला पोचलो सव्वासहाला. तोरणमाळ तिथून पन्नासेक किलोमीटर, म्हसावद, राणीपूर आणि मग सातपायरीचा घाट. वर हॉटेलवाल्याला फोन करून येतो म्हणून सांगून ठेवलेलं. दहा मिनिटं बसस्टँडसमोर गाडीवर नुसता बसून राहिलो. मन म्हणत होतं दीड तासात पोचशील. पण घाटात अंधारात एकटा, तिथं मोबाइलला रेंज येईल-जाईल, आणि मागच्या चाकात आजच लावलेले दोन पॅच. फोन करून सांगितलं, उद्या येतो. त्याला काही फरक पडला नाही, मलाच उगाच हरल्यासारखं वाटलं, ते साधारण शेवभाजी येईपर्यंत टिकलं.

रात्री मात्र शेवभाजी खायचीच. जाड तिखट शेव, वर लाल तवंग, सोबत कळण्याची भाकरी आणि कांदा. लॉजवर येऊन शर्ट धुऊन पंख्याखाली टाकला, चेनला तेल मारलं, घरी फोन केला. बायकोनं विचारलं आज काय काय बघितलं, मी म्हणलं पंक्चर काढताना बघितलं, तिला वाटलं मी टाळतोय.

झोपायच्या आधी बूट काढले तर उजव्या बुटाच्या तळात तिसरा काटा, चांगला बोटभर, दिवसभर बरोबर आलेला. टूलकिटमधल्या पक्कडीनं काढला आणि खिडकीतून फेकणार होतो, खाली बघितलं तर लोकांच्या गाड्या लागलेल्या. परत येऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि लाइट बंद केली.