भिल्ल कोअर आणि १४ कोअर

प्रश्न : आमच्या धरणगावात इंग्रजांची ‘भिल्ल कोअर’ होती. आज बातम्यांत ‘१४ कोअर’ ऐकतो. दोन्ही एकच का? (एक वाचक, धरणगाव)

उत्तर : नाही भाऊ, फक्त शब्द एक आहे. भिल्ल कोअर म्हणजे भिल्ल जवानांची पलटण; ती जेम्स औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८२५ मध्ये उभारली. सातपुड्यातल्या भिल्लांसोबत तो शिकारीला जाई, त्यांच्यात राही. आधी विश्वास बसला, मग भरती झाली. त्या भिल्ल जवानांची आठवण आपल्याकडे फार कमी निघते, याचं मला वाईट वाटतं.

आजची लढाऊ कोअर म्हणजे फार मोठा पसारा. एका बटालियनमध्ये साधारण आठशे जवान, तीन-एक बटालियनची ब्रिगेड, अशा काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन, आणि दोन-तीन डिव्हिजनची कोअर. प्रमुख लेफ्टनंट जनरल. पूर्वी काश्मीर आणि लडाख दोन्ही श्रीनगरच्या १५ कोअरकडे होतं. कारगिलनंतर, १ सप्टेंबर १९९९ ला, लेहमध्ये १४ कोअर वेगळी झाली.

तेव्हा मी तिथेच होतो, सिग्नल्सचा, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेचा, हवालदार. टेलिफोनची तार जोडायला हातमोजा काढला की बोटं बधिर व्हायची, मग ती काखेत धरून ऊब घ्यायची आणि पुन्हा जोड.

आणि हो, ‘कोअर ऑफ सिग्नल्स’ हा तिसराच अर्थ. ती लढाऊ फळी नव्हे, लष्कराची एक शाखा. तिची माणसं प्रत्येक कोअरमध्ये असतात.