जुन्या गोमंतकीय मासिकातल्या टोपणनावामागचा लेखक कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या पेटीत 1915 ते 1925 या काळातल्या गोव्यातल्या मराठी नियतकालिकांचे सुटे अंक सापडले. त्यांतल्या काही कविता-लेखांखाली 'एक गोमंतकीय' आणि काहींखाली 'आ. वि.' अशी सही आहे. घरात सांगतात, हे पणजोबांचे लेखन. ते खरे का, आणि त्या वेळच्या इतर लेखकांशी त्यांचा संबंध होता का?

'एक गोमंतकीय' तूर्त बाजूला ठेवा. ती सही कुणाचीही असू शकते, एकाच अंकात दोघांचीसुद्धा. 'एक वाचक', 'एक हिंदू' यांचीही तीच गत. आद्याक्षरांतून मात्र काहीतरी हाती लागते.

आधी अंकांचे फोटो नीट काढा. फक्त कविता नको. शीर्षपट्टी, पूर्ण पान, पृष्ठांक, मुद्रक-प्रकाशकाची ओळ आणि मलपृष्ठावरच्या जाहिराती, सगळे घ्या. तारीख शकाची असेल तर आंधळेपणाने 78 मिळवू नका. वर्ष पाडव्याला बदलते, म्हणून जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवावे लागतात. शके 1841च्या माघातला अंक 1920चा, 1919चा नव्हे. जन्म-मृत्यूच्या नोंदींशी मेळ घालताना हे एक वर्ष फार छळते.

यानंतर त्याच मासिकाचे बांधीव खंड गाठा. गोव्यात पहिली फेरी पणजीच्या पाटोवरचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आणि गोवा विद्यापीठाचे ग्रंथालय (इतिहासकार पिसुर्लेकरांचा संग्रह तिथेच आहे). तिथे नसेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय. कोणते मासिक कधी सुरू झाले, कधी बंद पडले, संपादक कोण, हे दाते-काळे-बर्वे यांच्या मराठी नियतकालिकांच्या सूचीत आधी पाहून घ्या, म्हणजे नसलेले अंक मागत बसायला नको. आता खरी मेख. मासिकांची अनुक्रमणिका पुष्कळदा मुखपृष्ठावर असे, आणि बायंडर बांधणी करताना मुखपृष्ठे फाडून टाकी. त्यामुळे ग्रंथालयातल्या खंडात जे नाही ते तुमच्या पेटीतल्या सुट्या अंकावर असू शकते. उलट, वर्षाअखेरची लेखकवार सूची सुट्या अंकात मिळत नाही. ती शेवटच्या अंकाबरोबर येई आणि खंडाच्या सुरुवातीला बांधली जाई. अंकात 'आ. वि.' आणि वार्षिक सूचीत अख्खे नाव, असे घडते. दोन्ही पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी जागा 'पोच व पत्रव्यवहार', म्हणजे आलेल्या मजकुराची पोच देणारे संपादकाचे सदर. या बारीक टायपातल्या मजकुराकडे कुणी ढुंकून पाहत नाही, पण मी सगळ्यात आधी तोच वाचतो. 'रा. आ. वि., फोंडे: कविता पोचली, पुढील अंकी घेऊ' अशा धाटणीच्या ओळीतून ('रा.' ही नावाआधीची आदरार्थी उपाधी) गाव कळते, कविता कधी आली ते कळते, आणि संपादकाला माणूस ठाऊक होता की नाही याचाही अंदाज येतो. वर्गणीदारांच्या आणि देणगीदारांच्या याद्या, पुस्तकांच्या 'साभार पोच', सभांचे वृत्तांत यांतही तीच नावे पूर्ण रूपात सापडतात. हे काम डोळ्यांनीच करायचे. ओसीआर (छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली) जुन्या टायपात भ-म, ध-घ यांची गल्लत करतो, अनुस्वार गाळतो, आणि टिंब दिलेली आद्याक्षरे तर हमखास चुकवतो. शोधपेटीत काही आले नाही म्हणजे अंकात नाही, असे समजू नका.

पणजोबांचे एखादे पुस्तक मुंबईत छापले असेल, आणि गोव्यातल्या अनेकांची पुस्तके तिथेच छापली गेली, तर ब्रिटिश मुलखातला 1867चा मुद्रण कायदा कामी येतो. त्या कायद्याखाली नोंदलेल्या पुस्तकांची त्रैमासिक यादी सरकारी गॅझेटबरोबर निघे. तीत लेखक, मुद्रक, पाने, प्रती, किंमत, शिवाय स्वामित्वहक्क कुणाचा आणि तो राहतो कुठे हेही असे. मुखपृष्ठावर टोपणनाव आणि हक्काच्या रकान्यात खरे नाव, अशी जोडी लागली तर निम्मे काम झाले. शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची (1800 ते 1937चा भाग) जवळ ठेवा. पुस्तकाची प्रस्तावनाही वाचा. 'यांतील काही कविता अमुक मासिकात आल्या होत्या' एवढे वाक्य असेल तर सहीचा प्रश्न तिथेच सुटतो.

गोव्यात नावांचा घोळ वेगळाच. पोर्तुगीज नोंदीत कामत 'कामोतीं' होतो, प्रभू 'पोरोबो', शेणवी 'सिनाय'. 'श'च्या जागी रोमन एक्स येतो, 'कि' किंवा 'के' लिहायला 'क्यू' आणि 'यू'. जन्मनोंदीचे पुस्तक तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे किंवा, जुने असल्यास, पणजीच्या पुराभिलेखात पाहावे लागते. नोंद हस्तलिखित पोर्तुगीजमध्ये असते, पण साचा ठरलेला असल्याने दोन-चार नोंदी वाचल्यावर डोळा बसतो. तीत आजी-आजोबांची नावेही असतात. 'आ. वि.' मधला 'वि' वडिलांच्या नावाचा की आडनावाचा, हे इथे कळेल. आडनावावर फार विसंबू नका. 'मासिक मनोरंजन' काढणारे का. र. मित्र मूळचे आजगावकर. आडनाव पाहून बंगाली वाटतील. कोंकणी लेखक शणै गोंयबाब आणि वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर एकच, हे आज सगळ्यांना माहीत आहे. कमी प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत ते सिद्ध करावे लागते.

छापील नाव म्हणजेच एकटा लेखक, असेही नाही. ख्रिस्तपुराण लिहिणारा जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स, त्याचे कोंकणीचे व्याकरण 1640 साली गोव्यातल्या रायतूरला छापले, तेव्हा त्याला जाऊन 21 वर्षे झाली होती. मधल्या काळात दियोगु रिबैरु याने त्यात भर घातली. मासिकात हीच भूमिका संपादकाची. ऱ्हस्वदीर्घ, वृत्त, कधी अख्खी ओळ तो बदलायचा.

म्हणूनच शैलीवरून लेखक ओळखण्याचा मोह आवरा. संगणकावरची शब्दवारंवारितेची (कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजण्याची) पद्धत चालायला प्रत्येक बाजूने किमान पाचेक हजार शब्द हवेत. चार कवितांवर ती लावणे म्हणजे कौल लावण्यासारखे. लावायचीच झाली तर गद्य गद्याशी, पद्य पद्याशी, आणि तुलना मूळ छपाईशीच करा. 1962च्या लेखननियमांनंतरच्या पुनर्मुद्रणात जुने अनुस्वार गळालेले असतात, आणि मग प्रकाशकाच्या सवयी लेखकाच्या नावावर जमा होतात.

आता संबंध. एक्सेलमध्ये दोन तक्ते करा. एकात माणसे: प्रत्येकाला एक क्रमांक, आणि त्यापुढे त्याच्या सगळ्या सह्या व पोर्तुगीज वळणाची नावे. दुसऱ्यात दुवे: कोणाकडून, कोणाकडे, कशा प्रकारचा, कुठल्या अंकात, कोणत्या पानावर. प्रकार वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे. एका अंकात दोघांच्या कविता आल्या म्हणजे ओळख होती असे नव्हे, दोघांचा संपादक एक होता, इतकेच. अर्पणपत्रिका, 'अमुक यांच्या कवितेस उत्तर', प्रस्तावना, पत्र, एका संस्थेच्या कार्यकारिणीत बसणे हे खरे दुवे. त्यांना दिशाही असते. एखाद्याने थोर कवीला पुस्तक अर्पण केले, पण थोर कवीला त्याचा पत्ताही नसेल. सहीची ओळखही खात्रीनुसार लिहा: 'स्वतः किंवा तेव्हाच्या संपादकाने सांगितले', 'छापील पुराव्यावरून', 'घरात सांगतात'. या तक्त्यांवरून संबंधांचा नकाशा काढाल तेव्हा तिसऱ्या वर्गातले दुवे तुटक रेषेने दाखवा.

हे लेखन पुन्हा छापणार असाल तर कायदा पाहा. टोपणनावाच्या प्रकाशित लेखनावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. पण ती मुदत संपण्याआधी लेखकाची ओळख जाहीर झालेली असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. म्हणजे ओळख पटली की ती कुठे, कोणत्या साली छापून आली होती हेही टिपून ठेवायला हवे.